आईबाबांची काळजी ही ‘चुकीची विचारपद्धत’ असते का? परदेशात शिकणाऱ्यांची सीबीटी

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीकडची एक मुलगी जर्मनीत इंजिनिअरिंगचं एमएस्सी करते आहे. तिसरं सेमिस्टर चालू आहे, एका विषयात दोनदा नापास झाली आहे. घर तारण ठेवून कर्ज काढलंय. झोप लागत नाही, सारखं पित्त होतं, रविवारी खोलीबाहेर पाऊल टाकवत नाही. विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंकडे ती चार वेळा जाऊन आली. त्यांनी सीबीटीतला (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत) विचार नोंदवायचा तक्ता भरायला दिला आणि ‘आईवडिलांच्या अपेक्षांपासून थोडं अंतर ठेव’ असं सुचवलं. तक्ता तिला यांत्रिक वाटला आणि सूचना जरा अपमानकारक. संस्कृतीनुसार बदललेली सीबीटी म्हणतात ती खरंच वेगळी असते का, आणि हे सोडून भारतातला मराठी थेरपिस्ट ऑनलाइन गाठू का, असं ती विचारते.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. मी पुण्यात शिकले आणि गेली सतरा वर्षं जर्मनीत हेच थेरपीचं काम करते. समोर येणाऱ्यांत परदेशी विद्यार्थी निम्म्याहून जास्त असतात.

तुझ्या प्रश्नांआधी एक वाक्य. शेवटी, जाता जाता, तू लिहिलंयस की ‘कधीकधी सगळं थांबावंसं वाटतं’. हे त्या बाईंना सांगितलंयस का? नसेल तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी हेच सांग. थांबावं म्हणजे परीक्षा थांबाव्यात की जगणं, असं त्या विचारतील. विचारू देत. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. एखाद्या रात्री असह्य झालं तर टेलेफोनझेलझोर्गे या मदतवाहिनीचा ०८०० १११ ० १११ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो. जिवाचं काही करून घेईन असं वाटलं तर थेट ११२, हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर. जर्मन बोलायला जमत नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजव आणि तिथे जे कुणी असेल त्याला फोन लावायला सांग. रात्रीचे दोन वाजलेत म्हणून संकोच करू नकोस.

आता मुद्द्याकडे. समुपदेशन सोडू नकोस, निदान इतक्यात नको. त्या बाई चुकल्या आहेत, पण दुरुस्त करता येईल अशा जागी.

सीबीटीचं मूळ साधं आहे. घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो. तो अर्थ पकडायचा, तपासायचा, आणि वागण्यात छोटे बदल करून खरा की खोटा ते बघायचं. आरन बेक यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना ही पद्धत बांधली. त्याआधी काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी तिच्या चुलतबहिणीसारखी पद्धत मांडली होती. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती शिकून घेतली आणि मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द रुजवला. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तेच काम पुढे नेलं. म्हणजे ही पद्धत मराठी घरात नांदू शकते का, याचं उत्तर आपल्याकडे कधीच मिळालेलं आहे. अडचण पद्धतीची नाही. अडचण अशी की तुझ्यासमोरचा तक्ता तयार करताना डोळ्यांपुढे जो माणूस होता, तो वेगळ्या घरात वाढलेला होता.

त्या माणसासाठी ‘मी आईवडिलांचं देणं लागते’ हा ओझ्याचा विचार असू शकतो. तुझ्यासाठी तो विचारच नव्हे, ती जमीन आहे. तिला ‘विकृत विचार’ या रकान्यात टाकलं की तुला राग येणारच. मी या कामातून एकच गोष्ट शिकले असेन तर ती ही: मूल्य आणि विकृती यांची गल्लत करायची नाही. कर्ज फेडायचंय हे मूल्य. ‘कर्ज पहिल्याच वर्षी फिटलंच पाहिजे, नाहीतर मी नालायकच’ ही विकृती. दोन्हींत फरक कशाचा आहे बघ. ‘च’चा.

मी मराठी मुलांना तक्त्याऐवजी आधी पेन्सिल देते आणि सांगते, डोक्यात येतं तसं लिही आणि प्रत्येक ‘च’ला गोल कर. ‘मी पास झालंच पाहिजे.’ ‘बाबांना हे कळताच कामा नये.’ ‘सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही.’ एलिस ज्याला हट्टी मागणी म्हणत, ती मराठीत एका अक्षरात येऊन बसते. मग ‘च’ काढून वाक्य मोठ्यानं वाचायचं. ‘मला पास व्हायचंय.’ इच्छा तीच राहते, बाबाही तिथेच राहतात, फक्त गळ्याभोवतीचा फास सैल होतो. हे इंग्रजी तक्त्यात होत नाही. सत्रात इंग्रजीत बोलताना तू नीटनेटकी वाक्यं करतेस, आणि ती करताना ‘च’ गळून पडतो. बाईंना दिसतो तो धुऊन वाळवलेला विचार.

भाषेचा दुसरा घोळ याहून मोठा. तक्त्यात विचाराचा रकाना वेगळा आणि भावनेचा वेगळा असतो. मराठीत मात्र ‘मला वाटतं मी नापास होणार’ आणि ‘मला भीती वाटते’ या दोन्हींना एकच क्रियापद. आपण ‘वाटणं’ या एका घमेल्यात सगळं भरतो. म्हणून मराठी मुलं भावनेच्या रकान्यात ‘मी हरतेय असं वाटतं’ लिहितात आणि थेरपिस्टला वाटतं हिला तक्ता कळलाच नाही. माझा उपाय घरगुती आहे. ‘वाटतं’च्या आधी एका शब्दात उत्तर येत असेल, भीती, लाज, राग, वाईट, एकटं, तर ती भावना. अख्खं वाक्य येत असेल तर तो विचार. आणि या दोन्हींच्या आधी तिसरा रकाना मी स्वतःच वाढवते: शरीर. छातीत धडधड, डोकं जड, जीव घाबरा, पोटात खड्डा, कसंतरी होणं. आपल्या मुलांचं दुःख पुष्कळदा याच दारातून आत येतं. ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत माझ्याकडे फार थोडे आले. ‘पित्त जात नाही’ म्हणत पुष्कळ.

(पित्तावरून आठवलं: डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. तू शाकाहारी असशील आणि जर्मनीतला हिवाळा काढत असशील तर नक्कीच. थकव्यामागे कमतरता असेल तर कितीही विचार तपासले तरी ती भरून निघत नाही.)

‘संस्कृतीनुसार बदल’ या शब्दांखाली काय काय येतं, हेही विचारलंयस. गिलेर्मो बर्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पोर्तो रिकोतल्या कामावरून आठ बाबी मांडल्या: भाषा, माणसं, रूपकं, आशय, संकल्पना, उद्दिष्टं, पद्धत आणि परिस्थिती. यादी कोरडी आहे, पण उपयोगी. बहुतेक ठिकाणी पहिली बाब उरकतात आणि थांबतात. पत्रकाचं भाषांतर करायचं, वर साडी नेसलेल्या बाईचं चित्र टाकायचं, झालं. खरं काम उरलेल्या सात बाबींत असतं. डेव्हन हिंटन यांनी कंबोडियातून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांबरोबर काम केलं. त्या लोकांना भीतीचा झटका आला की अंगातला वारा वर चढून जीव घेईल असं वाटे, आणि त्या समजुतीनंच झटका वाढे. हिंटन यांनी ‘वारा वगैरे काही नसतो’ असं सांगितलं नाही. त्या वाऱ्याच्या भीतीलाच उपचाराच्या मध्यभागी ठेवलं. फारुक नईम यांनी पाकिस्तानात सीबीटी रुजवताना ठाम बोलण्याची शिकवणी बदलली. मोठ्यांना थेट ‘नाही’ म्हणणं तिथे उद्धटपणा ठरतो, म्हणून आधी माफी मागून मग मत मांडायचं. आणि आपल्या शेजारी गोव्यात ‘संगात’ या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा उपचार करून बघितला. त्यात विचारांच्या तक्त्यांपेक्षा कृतीवर भर होता. नैराश्याच्या गंभीर रुग्णांवरचे त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

हे सगळं तुला लागू कसं करायचं? तुझं कर्जाचं वाक्य घेऊ. तू लिहिलंयस, ‘मी तिसऱ्यांदा नापास झाले तर आमचं घर जाईल आणि मी आईबाबांचं वाटोळं केलं असं होईल.’

तुझ्या बाईंनी यावर बहुधा ‘टोकाचा विचार’ असा शिक्का मारला असेल. मी तसं करणार नाही, कारण या वाक्यात तीन वेगवेगळे माल एकाच पोत्यात भरलेत. तिसऱ्या संधीची भीती खरी आहे. जर्मनीत अनेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. तिसरी गेली की नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही करता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणाला बांधलेला असतो. ज्या थेरपिस्टला हे माहीत नाही तो वस्तुस्थितीशी वाद घालत बसतो. वस्तुस्थितीशी वाद घालायचा नसतो, तिथे प्रश्न सोडवायचा असतो. तुझ्या विभागाची प्रुफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, काढून संधींचा नियम वाच. विषयाच्या सल्लागाराला भेट, तिसरा प्रयत्न कधी द्यावाच लागतो ते विचार. परीक्षेच्या दिवशी आजारी असशील तर वेळेत डॉक्टरांचा दाखला देऊन माघार घे. पेपर देऊन, निकाल लागल्यावर दाखला नेलास तर बहुतेक ठिकाणी तो चालत नाही. एक सेमिस्टर सुट्टी घ्यायचा विचार असेल तर आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात चौकशी कर. तुझ्या परवान्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

‘घर जाईल’ हा अंदाज आहे. अंदाज तपासता येतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर आणि त्यानंतर वर्षभरापर्यंतच्या सवलतीनंतर सुरू होते. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय आहे? माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी ते पत्र वाचलेलंच नसतं. कर्जाचं काम वडिलांनी केलेलं असतं, आणि मुलांच्या डोक्यात उरतो तो फक्त आकडा. हप्ता किती, कधीपासून, थकला तर काय होतं, हे कागदावर आलं की राक्षस लहान होतो असं मी म्हणणार नाही, पण त्याला उंची-रुंदी मिळते.

‘मी वाटोळं केलं’ हा निवाडा आहे. सीबीटीची खरी जागा इथे. आणि इथेही ‘पुरावा दे’ म्हणण्यापेक्षा मला एक प्रश्न जास्त कामाचा वाटतो: हेच तुझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं असतं तर तू मावशीला काय म्हणाली असतीस? आपल्याकडे ‘स्वतःशी मैत्रिणीसारखं वाग’ हे वाक्य पोकळ वाटतं. मावशीसमोर बसून बहिणीची बाजू घ्यायला मात्र आपण लगेच पदर खोचतो.

आता अंतर ठेवण्याबद्दल. तुझ्या बाईंना दिसलेली गोष्ट खोटी नाही. तू रोज संध्याकाळी पाचला घरी व्हिडिओ कॉल करतेस. हिवाळ्यात तिथे साडेनऊ झालेले असतात, जेवणं उरकलेली असतात. तू अर्धा तास ‘सगळं छान चाललंय’ म्हणतेस आणि फोन ठेवून रडतेस. छळतं ते आईबाबांशी असलेलं नातं नव्हे. छळतो तो रोजचा अर्ध्या तासाचा अभिनय. आमच्या भाषेत याला सुरक्षिततेसाठीचं वागणं म्हणतात: भीती टाळायला केलेलं आणि भीतीच पोसणारं. तू सांगत नाहीस, म्हणून त्यांना कळलं तर काय होईल हे तुला कधी समजतच नाही, आणि न समजलेलं रोज मोठं होत जातं.

म्हणून प्रयोग अंतराचा करू नये, खरेपणाचा करावा. छोटा. बाबांना नाही, आधी आईला किंवा ज्याला सांगणं सोपं जाईल त्याला. काही घरांत तो काका असतो, काहींत आजी. नापास झाल्याचं आत्ता नाही. ‘आई, या महिन्यात झोप नीट नाही गं, अभ्यास जड जातोय’ इतकंच. फोनआधी कागदावर लिही: ती काय म्हणेल असं मला वाटतं? नंतर लिही: ती काय म्हणाली? माझ्याकडच्या एका मुलाला (तपशील बदललेत) खात्री होती की आई रडेल आणि बाबा बोलायचे बंद होतील. आई म्हणाली, ‘मग डाळ-भात तरी करून खातोस ना?’ आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या बारावीच्या निकालाची गोष्ट सांगितली. दरवेळी असं गोड होत नाही. एका मुलीचे वडील खरंच आठवडाभर बोलले नाहीत. पण आठवडा संपला, आणि तो संपतो हे तिला कळलं.

रोजच्या चौकशीला आवर घालायचा असेल तर ‘मला स्पेस हवी’ हे मराठीत सांगू नकोस, त्याचा अर्थ भलताच होतो. नईम यांची माफीवाली युक्ती आपल्या घरातही चालते. ‘बाबा, रागावणार नसाल तर एक सांगते. परीक्षेचं दर रविवारी सविस्तर सांगत जाईन, रोज विचारलंत की मला दडपण येतं.’ यात सीमा आखली गेलीच आहे, फक्त उंबरठ्यासारखी.

रविवारचं. दुकानं बंद, चारनंतर अंधार, वसतिगृह सामसूम. हा दिवस परदेशी विद्यार्थ्यांना खातो. इथे विचार तपासण्यात वेळ घालवू नकोस, थेट कृती ठेव. शनिवारी लिहून ठेवायची, उत्साह येण्याची वाट न बघता करायची, कारण नैराश्यात कृती आधी येते आणि उत्साह मागून. दिवस उजेडात आहे तोवर चाळीस मिनिटं चालणं. एखाद्या मैत्रिणीबरोबर दोघींत एक स्वयंपाक, मग ते कांदेपोहे का असेनात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं तर जा, पण जपून. काहींना तिथे माहेर भेटतं, काहींना ‘मग, नोकरीचं काय?’ हा प्रश्न पंधरा वेळा भेटतो. तुला काय भेटतं ते एकदा जाऊन बघ आणि आधी-नंतर मूडला दहापैकी गुण दे.

एका बाबतीत मी फार कडक आहे. घर भाड्यानं बघायला गेल्यावर नाव ऐकून ‘दिलं गेलं’ म्हणणं, प्रोजेक्टच्या गटात कुणीच न घेणं, यावर ‘दुसरं काही कारण असू शकेल का?’ हा सीबीटीचा ठेवणीतला प्रश्न विचारणाऱ्या थेरपिस्टला थांबवावं. घडलं ते घडलं. तपासायचं ते पुढचं वाक्य: ‘म्हणजे मी इथल्या लायकीचीच नाही.’ हेच आपल्या आपल्यातही लागू आहे. ‘भारतीय संस्कृती’ नावाचं एकसंध काही नसतं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलाच्या डोक्यावर कर्ज नसेल, पण अख्ख्या वस्तीतला तो पहिला असतो, आणि इथल्या भारतीयांच्या पार्टीत पहिल्या पाच मिनिटांत त्याला आडनाव विचारलं जातं. त्याची भीती तुझ्या तक्त्यात मावणार नाही, आणि तुझी त्याच्या.

यावरूनच मराठी थेरपिस्टबद्दल. भाषा मिळते हा फायदा मोठा आहे, मी वर सांगितलंच. पण आपल्या माणसाचा एक धोका असतो: ‘आपल्याकडे असंच असतं गं’ म्हणून तो पुढे सरकतो. नवखा परका माणूस जिथे ‘म्हणजे काय?’ विचारतो, तिथे आपला माणूस मान डोलावतो. घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल आणि थेरपिस्ट ‘संस्कृती’ म्हणून समजून घ्यायला सांगत असेल, तर तिथून उठ. व्यवहाराची बाजूही आहे. भारतातल्या सत्रांचे पैसे तुझा इथला विमा देणार नाही, आणि संकटाच्या रात्री तो थेरपिस्ट तुला दवाखान्यात पोहोचवू शकणार नाही. इथे स्टुडिरेंडेनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थी कल्याण संस्थेचं, समुपदेशन बहुतेक ठिकाणी फुकट असतं. सरकारी विमा असेल तर वर्तनोपचाराची पूर्ण थेरपीही त्यात बसते: आधी काही ओळखीच्या भेटी, मग बारा-बारा सत्रांचे दोन टप्पे. पहिल्या भेटीची वेळ ११६११७ या डॉक्टरांच्या भेटी ठरवून देणाऱ्या फोन सेवेवरून मिळते, पण नियमित जागेसाठी कित्येक महिने थांबावं लागतं, म्हणून नाव आजच नोंदव. आणि तुझी भीती मला माहीत आहे, म्हणून सांगते: गोपनीयता इथे कायद्यानं बांधलेली आहे. त्या बाई विद्यापीठाला, व्हिसावाल्यांना किंवा बाबांना काहीही कळवणार नाहीत. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा.

शेवटचं, तुझ्याकडून राहून गेलेलं. चार भेटींत तू त्यांना एकदाही सांगितलं नाहीस की तक्ता तुला पटत नाही. हो म्हणालीस, घरी आणलास, कोरा नेलास. आपण सर-मॅडमना तोंडावर नाही म्हणत नाही. इथली थेरपिस्ट ‘तुला काय वाटतं?’ विचारते तेव्हा आपल्याला वाटतं हिला काही येत नाही, आणि आपल्या गप्प बसण्याला ती होकार समजते. पुढच्या वेळी हे असं म्हणून बघ, इंग्रजीतून: ‘आईवडिलांविषयीचं कर्तव्य मला बदलायचं नाही. ते पाळताना मी मोडून पडू नये, एवढं हवंय. तक्ता मी मराठीत भरून आणेन आणि तुम्हाला वाचून समजावेन.’ बऱ्यापैकी थेरपिस्ट हे ऐकून खूश होते, कारण तिलाही चार भेटी काहीतरी अडल्याचं कळत असतं. हे ऐकूनही त्या ‘अंतर ठेव’वरच अडून बसल्या, तर मात्र दुसरी व्यक्ती मागून घे. विद्यापीठात तशी विनंती करता येते, आणि ती का करतेस हे सांगावं लागत नाही.

तक्ता या खेपेला चार रकान्यांचा कर. काय घडलं, शरीरात काय झालं, एका शब्दात काय वाटलं, आणि डोक्यात आलेलं वाक्य जसंच्या तसं, शिवी आली असेल तर शिवीसकट. ‘च’ला गोल. दोन नोंदी पुरेत. त्यातली एक रविवारची असू दे.